चोरपांग्र्याचा जवान आणि जगाचा हिशेब



रविवारी विहारात वंदना आटोपली की आमच्याकडे वर्तमानपत्राचे वाचन होते. ज्यांना अक्षर ओळखू येत नाही अशा माता-भगिनी आणि ज्यांचा चष्मा फुटलेला आहे असे वडीलधारे ऐकायला बसतात. परवाच्या वाचनात दहशतवादाविरुद्ध सर्व देशांनी एकत्र आले पाहिजे, अशी एक बातमी होती. ती ऐकून एका आजीने मला विचारले, "भाऊ, हे मोठ्या मोठ्या देशांचे साहेब एकत्र बसून करतात तरी काय? आपल्या चोरपांग्र्याचं पोरगं तर गेलंच ना!"

सगळे विहार गप्प झाले. मीही गप्प झालो. मी काही परराष्ट्र खात्याचा जाणकार नाही. वाणिज्य शाखेत शिकलो, टेबलावर बसून आवक-जावक आणि जमाखर्च लिहितो. पण आजीचा प्रश्न टाळण्यासारखा नव्हता. म्हणून या आठवड्याचे सदर त्याच प्रश्नाला देतो.

पहिल्यांदा चोरपांग्र्याची गोष्ट. १४ फेब्रुवारी २०१९ रोजी दुपारी काश्मीरमधील पुलवामा जिल्ह्यात लेथपोरा येथे केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या ताफ्यावर हल्ला झाला. ताफ्यात ७८ गाड्या होत्या आणि सुमारे अडीच हजार जवान होते. स्फोटकांनी भरलेली एक मोटार एका बसवर येऊन आदळली. ४० जवान शहीद झाले. त्यांत दोघे आपल्या बुलडाणा जिल्ह्याचे होते. मलकापूरचे संजय राजपूत आणि बीबीजवळच्या चोरपांग्र्याचे नितीन राठोड. तांड्यावरचा, कष्टकरी घरातला मुलगा देशाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन प्राण देतो. अशा घरांना दहशतवाद हा भाषणाचा विषय नसतो. तो उंबऱ्यातून आत आलेला असतो.

आता हिशेबाची गोष्ट. जुलै २०२५ मध्ये एफएटीएफ या संस्थेने एक अहवाल काढला. दहशतवादाला मिळणारा पैसा आणि काळा पैसा यांवर नजर ठेवणारी ही आंतरराष्ट्रीय संस्था १९८९ साली स्थापन झाली. तिचे कार्यालय पॅरिसला आहे आणि भारत २०१० पासून तिचा सदस्य आहे. त्या अहवालात पुलवामाचा दाखला दिलेला आहे. स्फोटकात वापरलेली ॲल्युमिनियमची भुकटी ऑनलाइन बाजारातून मागवली होती, असे त्यात नमूद आहे. म्हणजे आपली पोरे ज्या पद्धतीने मोबाईलवरून बूट मागवतात, त्याच पद्धतीने मरणाचे सामान मागवले गेले. कुठेतरी त्याची पावती फाटली असेल, कुठेतरी पैसे जमा झाले असतील. नोंद होती. पण ती वेळेवर वाचणारा कोणी नव्हता.

दुसरे उदाहरण मुंबईचे. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात १६६ निरपराध माणसे मारली गेली. हल्लेखोर इंटरनेटवरच्या फोनसेवेतून पाकिस्तानातल्या आपल्या सूत्रधारांशी बोलत होते. ती सेवा चालू करण्यासाठी हल्ल्याच्या आदल्या दिवशी इटलीतल्या ब्रेशिया शहरातून २२९ डॉलर पाठवले गेले होते. फक्त २२९ डॉलर! तेव्हाच्या भावाने अकरा-बारा हजार रुपये. एखाद्या कारकुनाने वहीत लिहून विसरून जावी अशी रक्कम. तिचा माग काढत इटलीच्या पोलिसांनी पुढल्या वर्षी ब्रेशियात दोघांना पकडले. बेत पाकिस्तानात, पैसा इटलीतून, फोनसेवा अमेरिकेतली आणि प्रेते मुंबईत. आता सांगा, मुंबईचा पोलीस एकटा हा हिशेब कसा जुळवणार?

इथेच आजीच्या प्रश्नाचे पहिले उत्तर मिळते. साहेब लोक एकत्र बसतात, कारण चोराने आपले सामान चार गावांत ठेवलेले असते. चार गावचे पाटील एकमेकांशी बोलत नसतील तर चोर सुखात राहतो.

बोलण्यासाठी काही नियमही झालेले आहेत. अमेरिकेवर ११ सप्टेंबर २००१ रोजी हल्ला झाल्यानंतर त्याच महिन्याच्या २८ तारखेला संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने १३७३ क्रमांकाचा ठराव केला. दहशतवादाला पैसा पुरवणे हा प्रत्येक देशाने गुन्हा ठरवावा, अशा लोकांची खाती गोठवावीत, त्यांना आसरा देऊ नये, असे त्याने सर्व देशांवर बंधन घातले. तो पाळला जातो की नाही हे पाहायला एक समिती नेमली. ही समिती ऑक्टोबर २०२२ मध्ये भारतात आली. पहिल्या दिवशीची बैठक मुंबईच्या ताज हॉटेलात झाली, म्हणजे ज्या जागी रक्त सांडले होते त्याच जागी. दुसऱ्या दिवशी दिल्लीत जाहीरनामा निघाला. इंटरनेट, पैसे पाठवण्याची नवी साधने आणि ड्रोन यांचा दहशतवादी कसा वापर करतात, यावर त्यात भर होता. गरीब देशांच्या पोलिसांना आणि तपासयंत्रणांना शिकवण्यासाठी जो निधी आहे, त्यात भारताने पाच लाख डॉलर देण्याचे त्या वेळी जाहीर केले. यालाच क्षमता वाढवणे म्हणतात. ज्याला येते त्याने ज्याला येत नाही त्याला शिकवायचे.

पण समाजबांधवांनो, या सगळ्यात राजकारण नाही असे समजू नका. पुलवामाच्या हल्ल्याची जबाबदारी जैश-ए-मोहम्मदने घेतली. तिचा म्होरक्या मसूद अझहर. १९९९ च्या डिसेंबरात विमान पळवून नेल्यानंतर कंदहारमध्ये आपल्याला त्याला सोडावे लागले होते. त्याचे नाव संयुक्त राष्ट्रांच्या दहशतवाद्यांच्या यादीत घालावे म्हणून भारताने अनेक वर्षे खटपट केली. त्या समितीत १५ देश असतात आणि एकानेही हात आडवा केला तर काम थांबते. चीनने वारंवार हात आडवा केला. पुलवामानंतर मार्च २०१९ मध्येही केला. जगाचा दबाव वाढला तेव्हा कुठे १ मे २०१९ रोजी नाव यादीत गेले. योगायोग पाहा. त्याच दिवशी, महाराष्ट्र दिनी, गडचिरोलीत जांभूळखेड्याजवळ नक्षलवाद्यांच्या भूसुरुंगाने आपले १५ पोलीस आणि एक वाहनचालक ठार झाले. बॉम्ब कोणत्या झेंड्याखाली फुटतो याने मरणाऱ्याच्या घरातला अंधार कमी-जास्त होत नाही.

मग दबावाचा उपयोग होतो का? थोडा होतो. एफएटीएफने जून २०१८ मध्ये पाकिस्तानला करड्या यादीत टाकले. या यादीतल्या देशाकडे जगातल्या बँका संशयाने पाहतात, व्यापाराला त्रास होतो. त्या काळात, फेब्रुवारी २०२० मध्ये, मुंबई हल्ल्यामागचा हाफिज सईद याला लाहोरच्या न्यायालयाने शिक्षा ठोठावली, तीही दहशतवादाला पैसा पुरवल्याबद्दल. ऑक्टोबर २०२२ मध्ये पाकिस्तान यादीतून सुटला. सगळे सुधारले असे नाही, हे पहलगामने दाखवून दिले. २२ एप्रिल २०२५ रोजी तिथे २६ माणसे मारली गेली, त्यांत सहा आपल्या महाराष्ट्राची होती. तरीही एक गोष्ट खरी. तोफेने जे होत नाही ते कधी कधी खातेवहीने होते.

आता मी जरा नाजूक विषयाकडे वळतो. क्षमता वाढवणे म्हणजे नुसत्या बंदुका, चिलखते आणि कॅमेरे नव्हेत. २६ नोव्हेंबरच्या रात्री तुकाराम ओंबळे यांच्या हातात काठी होती आणि समोर कसाबच्या हातात एके-४७. त्यांनी गोळ्या अंगावर घेऊन त्याला जिवंत पकडून दिले. त्यांना चांगले हत्यार द्यायला हवे होते, यात वाद नाही. पण कसाब जिवंत सापडला, म्हणून पुरावा मिळाला. अमेरिकेच्या तपास अधिकाऱ्यांनी मुंबईच्या न्यायालयात साक्ष दिली. त्याला वकील मिळाला, अपील मिळाले आणि मग २१ नोव्हेंबर २०१२ रोजी फाशी झाली. हेडलीची साक्ष २०१६ मध्ये अमेरिकेतून पडद्यावर झाली. तहव्वूर राणाला १० एप्रिल २०२५ रोजी अमेरिकेतून भारतात आणले. सोळा वर्षे लागली, पण कागद सरळ होते म्हणून परका देशसुद्धा हातात देतो.

याच्या उलट बाजू पाहा. ११ जुलै २००६ रोजी मुंबईच्या लोकलगाड्यांत बॉम्ब फुटले. १८० हून अधिक माणसे गेली. कामावरून घरी निघालेली, आपल्यासारखी नोकरदार माणसे. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्या खटल्यातील सर्व १२ जणांना निर्दोष ठरवले. पुरावा टिकला नाही. तीन दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल दुसऱ्या खटल्यांत आधार म्हणून वापरू नये असे सांगितले, पण सुटलेल्यांना परत तुरुंगात घातले नाही. मालेगावात २००६ मध्ये स्फोट झाले. नऊ मुस्लिम तरुण धरले गेले, ते २०१६ मध्ये आरोपमुक्त झाले. मालेगावातच २९ सप्टेंबर २००८ रोजी पुन्हा स्फोट झाला, सहा जण गेले. त्या खटल्यातील सातही आरोपी ३१ जुलै २०२५ रोजी पुराव्याअभावी सुटले.

मी जमाखर्च लिहिणारा माणूस. मला दोन बाजू जुळवायची सवय आहे. इथे एका बाजूला मेलेली माणसे आहेत. दुसऱ्या बाजूला वर्षानुवर्षे तुरुंगात काढून सुटलेली माणसे आहेत. मग दोषी कुठे आहे? तो रकाना कोरा आहे. ज्यांचा मुलगा गाडीत गेला त्या आईलाही न्याय नाही आणि ज्याची जवानी कोठडीत गेली त्यालाही नाही. तपास कच्चा असला की गुन्हेगारासाठी तो उघडा दरवाजा ठरतो. म्हणून शास्त्रशुद्ध पुरावा, चांगली प्रयोगशाळा, मारहाण न करणारा तपास अधिकारी हीच खरी क्षमता. संयुक्त राष्ट्रांनी २००६ मध्ये जे धोरण ठरवले त्याचे चार खांब आहेत. दहशतवाद पोसणारी परिस्थिती बदलणे, त्याला रोखणे, देशांची क्षमता वाढवणे आणि मानवी हक्क व कायद्याचे राज्य सांभाळणे. घर चार खांबांवर उभे असते. चौथा खांब काढून पहिले तीन जाड केले तर छप्पर कोणाच्या डोक्यावर पडेल?

बहुतेक वेळा ते गरिबाच्या डोक्यावर पडते. टाडा आला आणि गेला, पोटा आला आणि गेला. बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंधक कायदा १९६७ चा, तो २००४, २००८ आणि २०१९ मध्ये अधिकाधिक कडक झाला. यात जामीन मिळणे फार अवघड असते. प्रा. आनंद तेलतुंबडे यांना भीमा कोरेगाव प्रकरणी याच कायद्याखाली अटक झाली, तीही २०२० सालच्या १४ एप्रिलला. घरोघरी भीमजयंतीचे दिवे लागले होते, त्या दिवशी ते कोठडीत गेले. अडीच वर्षांनी, नोव्हेंबर २०२२ मध्ये, उच्च न्यायालयाने त्यांना जामीन दिला. दहशतवादी कृत्याचा गुन्हा प्रथमदर्शनी दिसत नाही, असे मत त्या वेळी नोंदवले गेले. खटल्याचा निकाल न्यायालय देईल. पण ती अडीच वर्षे कोणत्या खात्यात जमा करायची?

म्हणून आपली भूमिका दोन्ही बाजूंनी स्वच्छ असली पाहिजे. बॉम्ब ठेवणाऱ्याची गय नको. आणि बोलणाऱ्याला बॉम्ब ठेवणारा म्हणू नये. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी सांगितले की सामाजिक आणि आर्थिक उद्दिष्टे गाठायची तर संविधानाचा मार्ग धरा, रक्तपाताचा मार्ग सोडा. ते आपल्याला जितके लागू आहे तितकेच सरकारलाही लागू आहे. त्याच संविधानात कलम ५१ आहे. आंतरराष्ट्रीय शांतता वाढवावी, आंतरराष्ट्रीय कायद्याचा आदर राखावा, देशादेशांतले तंटे लवादाने सोडवावेत, असे ते राज्याला सांगते. अबू सालेमला २००५ मध्ये पोर्तुगालने भारताकडे दिले, ते फाशी देणार नाही आणि २५ वर्षांपेक्षा जास्त तुरुंगात ठेवणार नाही या शब्दावर. १२ मार्च १९९३ च्या स्फोटांत २५७ माणसे गेली होती, मन कडवट होणे साहजिक आहे. तरी सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितले की दिलेला शब्द पाळावा लागेल. शब्द मोडणाऱ्याला पुढच्या वेळी आरोपी कोण देईल?

आपल्या घरात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' असेल. त्यातला रोहिणी नदीच्या पाण्याचा प्रसंग मुलांना वाचून दाखवा. शाक्य आणि कोलिय पाण्यावरून भांडले. सेनापतीने युद्धाचा ठराव मांडला. तरुण सिद्धार्थ एकटा उभा राहिला. आधी चौकशी करा, चूक आपलीही असेल, असे तो म्हणाला. दोन माणसे त्यांची, दोन आपली, ती मिळून पाचवा निवडतील आणि तंटा मिटवतील, अशी त्याने तोड सांगितली. बहुमत त्याच्या विरुद्ध गेले. त्याने घर सोडणे पत्करले, पण युद्धाला हो म्हटले नाही. आज ज्याला आंतरराष्ट्रीय सहकार्य म्हणतात, त्याचे बीज आपल्या या कथेत आहे.

आपल्या बुद्धगयेतही ७ जुलै २०१३ रोजी बॉम्ब फुटले. महाबोधी महाविहारात दोन भिक्खू जखमी झाले. त्या वेळी आपल्या लोकांनी कोणाच्या वस्तीवर दगड टाकला नाही. पाच वर्षांनी न्यायालयाने पाच जणांना जन्मठेप दिली. धम्माचा आणि कायद्याचा रस्ता एकच आहे, याची ही साक्ष आहे.

आता घरातल्या गोष्टी, कारण हे पान घराचे आहे.

पहिली गोष्ट बँकेच्या खात्याची. आमच्या वस्तीतला एक मुलगा बाहेरगावी कंपनीत आहे. मित्राने पाच हजार रुपये देऊन त्याचे पासबुक, एटीएम कार्ड आणि सिम मागून घेतले. काही महिन्यांनी खाते गोठले आणि परराज्यातल्या पोलिसांची नोटीस आली. त्याच्या खात्यातून कोणाकोणाचा पैसा फिरला होता, त्याला पत्ताच नव्हता. त्याच्या आईने माझ्याकडून किती अर्ज लिहून घेतले, मोजले नाहीत. तो पैसा फसवणुकीचा होता, पण याच वाटेने दहशतवाद्याचाही पैसा जाऊ शकतो. खाते आणि सिम भाड्याने देऊ नका. ते भाडे नाही, फास आहे.

दुसरी गोष्ट फोनची. "तुमच्या खात्यातून दहशतवाद्यांना पैसे गेले, तुम्हाला डिजिटल अटक झाली आहे," असे सांगून वर्दीतला माणूस मोबाईलवर दिसतो. घाबरू नका. असली अटक कोणत्याही कायद्यात नाही. पोलीस फोनवरून पैसे मागत नाहीत. फोन ठेवा, कोणाला तरी सांगा आणि पैसे गेले असतील तर ताबडतोब १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवा. जितका उशीर, तितके पैसे लांब.

तिसरी गोष्ट विहाराची. आमच्या विहार समितीचे जुने अध्यक्ष वारले, सह्या बदलायच्या राहिल्या, केवायसी राहिली आणि बुद्धजयंतीच्या तोंडावर बँकेने खाते थांबवले. वर्गणी देणाऱ्या मजूर बाया विचारू लागल्या, "भाऊ, आपला पैसा गेला का?" मला मान खाली घालावी लागली. चूक आमची होती, पण बँकेनेही आधी नीट समजावून सांगायला हवे होते. संस्थांच्या पैशावर लक्ष ठेवण्याचे नियम जगभर आले आहेत. भारताविषयी २०२४ मध्ये निघालेल्या एफएटीएफच्या मूल्यमापनातही संस्थांना विनाकारण जाच होऊ नये, जिथे धोका आहे तिथेच लक्ष द्यावे, असा सूर आहे. हे आपण मागू शकतो. पण मागायचे तर आपली वही स्वच्छ पाहिजे. प्रत्येक वर्गणीची पावती, दरवर्षी लेखापरीक्षण, धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज वेळेवर. बोट दाखवायला जागाच ठेवू नका.

चौथी गोष्ट मुलांची. मोबाईलवर रक्त तापवणारी चित्रे येतात. कोणत्याही जातीधर्माविरुद्ध द्वेष पेरणारा संदेश पुढे ढकलण्याआधी मुलाला जवळ बसवा आणि विचारा, हे कोणी पाठवले, का पाठवले, यात कोणाचा फायदा? प्रज्ञा म्हणजे हा प्रश्न विचारण्याची सवय.

आजी, तुमच्या प्रश्नाचे माझे उत्तर असे आहे. ते साहेब लोक बसतात म्हणून चोरपांग्र्याचे पोरगे परत येणार नाही. पण २२९ डॉलरची नोंद जर वेळेवर कोणी वाचली, भुकटीची पावती जर वेळेवर कोणी पाहिली, तर दुसऱ्या एखाद्या तांड्यावरचे, दुसऱ्या एखाद्या भीमनगरातले पोरगे सुट्टीला घरी येईल. त्यासाठी त्यांनी बसलेच पाहिजे. आणि ते न्यायाने बसतात की नाही, हे आपण जागे राहून पाहिले पाहिजे.

पुढच्या रविवारी वंदनेला या. विहाराची वही मी मांडून ठेवतो, ज्याला पाहायची त्याने पाहावी.

जय भीम! नमो बुद्धाय!

– बीबी, ता. लोणार, जि. बुलडाणा